सर्व तिवटे परिवाराकडून सप्रेम

लॅपटॉप घ्यायला तिवट्यांच्या घरातून चौघं गेली. विलासकाका, नंदाकाकू, बाबा आणि ऋजुता. लॅपटॉप ऋजुताचा होता, त्यामुळे तिला गाडीत खिडकीशेजारची जागा मिळाली. बाकी निर्णयात तिचं काही काम नव्हतं. आई घरीच राहिली. दुकान आणि गॅस, दोन्हीकडे कोणीतरी बघायला नको?

तिवट्यांचं कराडात भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. विलासकाका घरात थोरले आणि दुकानाचे सर्वेसर्वा. कुठलीही वस्तू ते आधी वाजवून बघायचे. शोरूममध्ये त्यांनी पहिला लॅपटॉप उचलला, बोटाच्या पेरानं टकटक वाजवला आणि तोंड वाकडं केलं.

"पत्रा पातळ आहे."

"पत्रा नाही साहेब, मॅग्नेशियमचा मिश्रधातू आहे," गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता म्हणाला.

"मॅग्नेशियम? अहो, ते जळतंय की!"

"काळा नको हं," नंदाकाकू म्हणाल्या. "शुभकार्याला काळं कशाला?"

"मला तो छोटा, हलका बघायचाय," ऋजुता म्हणाली. "पाठीवर टाकून हिंडता येईल असा. गुहेत वगैरे..."

"गुहेत?" काका हसले. "कॉलेजात चाललीयेस का ऋषी व्हायला? अहो, मोठा दाखवा. सणसणीत. घेतल्यासारखा वाटला पाहिजे." मग बाबांकडे वळून, "काय रे किरण?"

"बघा काय ते," बाबा म्हणाले. हे वाक्य बाबा लग्नाच्या आधीपासून म्हणत आले होते.

शेवटी मोतिया रंगाचा, परातीएवढा लॅपटॉप ठरला. पैसे देताना विक्रेत्यानं दोन-दोनदा बजावलं, "हा अंकुर आहे. चालू केल्यावर पहिला तासभर फक्त हिनंच हाताळायचा. दुसऱ्या कोणाचा हात नको. प्लीज."

"आम्हीपण दुकानदारच आहोत," काका म्हणाले. "आम्हाला काय शिकवताय?"

आता या अंकुरची भानगड सांगायला पाहिजे. काही वर्षांपूर्वीपर्यंत कॉलेजातली पोरं सगळं यंत्राकडून लिहून घ्यायची. एक यंत्र निबंध लिहायचं, दुसरं यंत्र तो तपासायचं, आणि पोरं नि प्राध्यापक दोघंही कॅन्टीनला बसायचे. सगळे सुखात होते. मग हळूहळू असे पदवीधर बाहेर पडायला लागले, की ज्यांना स्वतःच्या रजेचा अर्जसुद्धा यंत्राला विचारावा लागायचा, आणि यंत्र रजा नामंजूर करायचं. तेव्हा विद्यापीठं जागी झाली. जे लिहिलंय ते त्याच माणसाच्या डोक्यातलं आहे, असं सिद्ध झाल्याशिवाय कागद घ्यायचा नाही, असं ठरलं.

ते सिद्ध करायचं काम अंकुर करायचा. त्याच्या कीबोर्डखाली जेलीसारखा एक पातळ थर होता आणि त्यात चांदीचे कण. बोट पडलं की बारीकसा प्रवाह जायचा आणि त्या वाटेनं केसाहून बारीक अशी चांदीची मुळं फुटायची. भिजवलेल्या मटकीला मोड येतात ना, तशी. माणूस काय लिहितो हे तर अंकुर बघायचाच, पण त्याहून जास्त बघायचा तो कुठं थांबतो, काय लिहून पुसतो, कुठल्या शब्दावर त्याचं बोट जड पडतं. शब्द उसने घेता येतात, अडखळणं उसनं घेता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं. पहिला तासभर हा थर मऊ असायचा. मग घट्ट व्हायचा, आणि घट्ट झाला की झाला. ते काही सॉफ्टवेअर नव्हतं पुसून टाकायला. मालकाच्या स्वभावाचं ते ओतीव भांडंच म्हणा ना. पुढं त्यावर लिहिलेल्या प्रत्येक पानाखाली 'जुळणी' किती ते यायचं. जुळणी नव्वदच्या वर गेली की कोपऱ्यात हिरवा दिवा. हिरवा दिवा नसेल तर कॉलेज त्या पानाला हात लावायचं नाही.

तिवट्यांच्या घरी लॅपटॉप आला आणि दुकानातच, गल्ल्याशेजारी, पाटावर मांडला गेला. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एक अक्षता 'ळ'च्या बटणाखाली गेली ती कायमची. काकांनी चालू करायचं बटण दाबलं. आई वर पुऱ्या तळत होती.

"काका, तासभर फक्त माझा हात लागला पाहिजे," ऋजुता म्हणाली. "त्यांनी सांगितलंय."

"अगं, आपल्या कुकरच्या खोक्यातपण पुस्तिका असते. वाचलीय कधी कोणी? आजवर एक तरी कुकर उडालाय?" काका खुर्ची ओढून बसले. "आणि तासभर आहे ना वेळ? मग आधी मोठ्यांचा मान. तू आहेसच की शेवटी."

पडद्यावर प्रश्न यायला लागले. मालकानं स्वतःच्या बोटांनी उत्तरं द्यायची, म्हणजे ओळख पक्की होते. पहिला प्रश्न होता, तुमचा दिवस कसा सुरू होतो? काकांनी उजव्या हाताची तर्जनी उगारली आणि खिळा ठोकावा तसं एकेक अक्षर ठोकलं. शटर उघडून.

"वा!" काकू म्हणाल्या. "आता मी."

काकूंच्या वाट्याला आलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? काकूंनी लिहिलं, लोक काय म्हणतील. मग पुसलं. मग लिहिलं, कशाचीच नाही. तेही पुसलं. शेवटी 'पाल' असं लिहून त्या मोकळ्या झाल्या.

"किरण, ये."

बाबांना प्रश्न आला, तुमचं स्वप्न काय? बाबा बराच वेळ लिहीत राहिले. दुकानातले सगळे माना वर करून बघायला लागले, इतका वेळ बाबा कधी काही करत नसत. मग त्यांनी एक बटण दाबून धरलं आणि सगळं पुसलं.

"काय लिहिलं होतं रे?"

"काही नाही. चुकलं होतं."

एवढ्यात कुकरची रिंग घ्यायला एक गिऱ्हाईक आलं. आजच्या दिवशी कोणी परकं नाही, असं म्हणून काकांनी त्या गृहस्थालाही पाटापुढं बसवलं. त्यांना प्रश्न आला, एखादा निर्णय घेताना तुम्ही सगळ्यात आधी काय विचारता? गृहस्थ जरासुद्धा अडखळले नाहीत. त्यांनी लिहिलं, काही कमी होईल का?

"आता मी बसू?" ऋजुता म्हणाली.

"थांब, थांब. नाव घालायचं राहिलं की!"

तिवट्यांच्या दुकानातून नाव घातल्याशिवाय चमचासुद्धा बाहेर जात नसे. लग्नातली समई असो की बारशाची वाटी, काका ते पेनासारखं मशीन हातात धरणार, आणि टर्रर्र करत धातूवर नाव, गाव, तारीख कोरणार. त्यांनी लॅपटॉप मिटला, मांडीवर घेतला आणि झाकणावर कोरायला सुरुवात केली. 'कु. ऋजुता हिस सर्व तिवटे परिवाराकडून सप्रेम भेट.' परिवार मोठा असल्यामुळे टर्रर्र बराच वेळ चाललं. लॅपटॉप नखशिखांत थरथरत होता.

मग त्यांनी तो उघडून ऋजुतापुढं ठेवला. पडद्यावर लिहिलं होतं, ओळख पूर्ण झाली. स्वागत आहे, मालक.

खाली फक्त 'ठीक' असं बटण होतं. ते ऋजुतानं दाबलं.

आई पुऱ्यांचं ताट घेऊन खाली आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिनं पदराला हात पुसले. "मला बघू दे की जरा," म्हणाली.

"तेलकट हात नको लावू," काकू म्हणाल्या. "नवीन आहे."

ऋजुता कोल्हापूरला हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा गाडी सुटताना तिला वाटलं, सुटले. आणि आख्खं घर मांडीवरच्या बॅगेत बसलेलं होतं.

तिला वटवाघळांचा अभ्यास करायचा होता. हे खूळ लहानपणीचं. एकदा दुकानात संध्याकाळी एक पिल्लू पातेल्यात पडलं होतं. काका झाडू घेऊन धावले, काकू स्टुलावर चढल्या. आईनं त्या पातेल्यावर हलकेच चाळणी ठेवली आणि ऋजुताला जवळ बोलावलं. दोघींनी चाळणीच्या भोकांतून बघितलं. पिल्लू पातेल्याच्या कडेला उलटं लटकून त्यांच्याकडे बघत होतं. आई म्हणाली, "त्याला वाटत असेल, ही माणसं उलटी का उभी आहेत." मग तिनं ते गच्चीवर नेऊन सोडलं. 

कॉलेजातला पहिला लेख ऋजुतानं याच वाक्यानं सुरू केला. वटवाघळाला आपण उलटे दिसतो. पुढची पानं तिनं मनापासून लिहिली. 'ळ'चं बटण दोनदा दाबावं लागायचं आणि वटवाघळाशिवाय तिचं एक वाक्य होत नव्हतं, तरी लिहिली. शेवटी जुळणी बघितली. बारा टक्के. खाली तांबडी ओळ. हे लेखन मालकाचे नाही.

दुसऱ्या दिवशी तिला समितीपुढं बोलावलं. तीन प्राध्यापक, एक बिस्किटांची बशी.

"कोणाचं उतरवलंस?" अध्यक्ष म्हणाल्या.

"माझंच आहे, मॅडम."

"लॅपटॉप नाही म्हणतोय."

"मी तुमच्यासमोर लिहून दाखवते."

तिनं समोर बसून लिहिलं. तिघांनी खुर्च्या ओढून तिच्या बोटांकडे बघितलं. जुळणी अकरा टक्के आली.

"बघ," अध्यक्ष म्हणाल्या. "आमच्यादेखत दुसऱ्याचं लिहिलंस."

"अहो मॅडम, पण तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना?"

"डोळ्यांवर जाऊन कसं चालेल?" दुसरे सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "आपण विज्ञान शाखेत आहोत."

तिसरे होते हुपरीकर सर. प्राणिशास्त्राचे. लेख त्यांनी दोनदा वाचला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "ते उलटं दिसण्याचं कोणाचं गं?"

"आईचं, सर."

"तेवढंच तुझं नाही म्हणायचं. बाकी तुझं आहे, माहितीये मला. पण मला माहीत असून उपयोग नाही. दिवा लागला पाहिजे."

लॅपटॉप घेऊन ती कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेली. तिथल्या इंजिनिअरनं झाकणावरचं कोरीवकाम बघितलं आणि आतल्या दोघांना बोलावून दाखवलं.

"हे कशानं केलं?"

"भांड्यांवर नाव घालायच्या मशीननं."

"तासाच्या आत?"

"हो."

इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "मॅडम, स्लॅब टाकताना व्हायब्रेटर मारतात बघा. कशासाठी? काँक्रीट बसायला. तुमच्याकडं तेच झालंय. थर मऊ होता, थरथर झाली, जो साचा होता त्यात चटकन बसला. तोपर्यंत कोणी कोणी टाईप केलं होतं?"

ऋजुतानं सांगितलं. कुकरच्या रिंगवाल्यापर्यंत.

"मग तो गृहस्थ तुमच्या लॅपटॉपचा पाव मालक आहे," इंजिनिअर म्हणाला.

"आणि मी?"

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर चांदीच्या मुळांचा फोटो होता, झाडासारखा. चार जाड फांद्या. "तुम्ही 'ठीक' दाबलंत ना? हा एवढा ठिपका दिसतोय बघा, तो तुम्ही."

"फॉरमॅट करा मग."

"जन्मलेल्या पोराला कोणी फॉरमॅट करतं का?"

"दुसरा घेते."

"तुमच्या नावावर हा नोंदलाय. पदवी मिळेपर्यंत एका नावावर एकच. नाहीतर पोरं हुशार मित्राला बसवतील आणि त्याचा स्वभाव घेऊन पास होतील." तो जरा घुटमळला. "एक बरंय मॅडम. तुमचा लॅपटॉप कधी एकटा पडणार नाही."

घरी फोन करून तिनं काकांना सगळं सांगितलं. त्यांचा आवाज भरून आला. "म्हणजे आमच्याशिवाय तिचं पानसुद्धा पुढं सरकत नाही?" त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

आईनं दुपारी माळ्यावर भांडी लावताना हळूच फोन केला. "ऋजू, त्यात मी आहे का गं?"

"नाही आई."

"हां." खाली काहीतरी ठणकन पडलं. "मी वर होते ना."

उपाय काढला तो शाहीन मुजावरनं. शाहीन तिची खोलीतली मैत्रीण, मिरजेची, गणिताची. तिचा अंकुर तिच्याशी इमानदार होता, त्यामुळे ती नापास व्हायची ती स्वतःच्या बळावर.

"हे बघ ऋजे," शाहीन म्हणाली. "त्याला तू नको, तुझे काका पाहिजेत ना? दे की मग. दिवा लागल्याशी मतलब."

"म्हणजे कसं?"

"काका वटवाघळाबद्दल काय म्हणतील?"

ऋजुतानं डोळे मिटले, तर्जनी उगारली आणि खिळे ठोकल्यासारखं लिहिलं. वटवाघूळ हा उपयोगी प्राणी आहे, पण घरात येऊ नये.

जुळणी एकाहत्तर. दोघी पलंगावर लोळून हसल्या.

"काकू घाल, काकू!"

तिनं लिहिलं, शिवाय लोक काय म्हणतील. मग ते पुसलं. जुळणी चौऱ्याऐंशी.

"आता तो रिंगवाला!"

तिनं शेवटची ओळ लिहिली. तरी वटवाघळांची संख्या काही कमी होईल का, हे पाहावे.

टिंग. हिरवा दिवा. लेखाला उत्तम शेरा मिळाला. 'विद्यार्थिनीने अखेर स्वतःचा आवाज शोधला आहे,' असं अध्यक्ष मॅडमनी खाली लिहिलं होतं.

मग तर तिचा हात बसला. रसायनशास्त्राला काकू चालायच्या. प्रत्येक वाक्याला एक धोका, आणि धोक्यानंतर खाडाखोड. संख्याशास्त्राला काका. तोंडी परीक्षेच्या टिपणांना रिंगवाला फार उपयोगी पडायचा. एकदा तर उत्क्रांतीच्या उत्तरात लॅपटॉपनं स्वतःहूनच पुढचं वाक्य सुचवलं, 'माकडापासून माणूस झाला हे मान्य, पण शेवटचं काय ते सांगा,' आणि घाईत तिनं ते तसंच ठेवलं. त्यालाही गुण मिळाले.

बाबा सापडायला वेळ लागला. एकदा तिला काही सुचतच नव्हतं. तिनं परिच्छेद लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुसला. आणि बघते तर रिकाम्या पानाची जुळणी वाढत चाललेली. ती चमकली. तेव्हापासून जुळणी एक-दोन टक्क्यांनी अडली की ती चांगलं एक वाक्य लिहायची, त्याच्याकडे बघायची, आणि पुसून टाकायची. दिवा लागायचा. वाक्यं कुठं जात होती कोणास ठाऊक. बाबांचं गेलं तिथंच जात असणार.

सुरुवातीला ती हे सगळं फक्त लॅपटॉपवर करायची, आणि स्वतःचं वेगळं वहीत लिहायची. पण वहीला कोणी गुण देत नव्हतं. एक सहामाही गेली, दुसरी गेली, वही पत्र्याच्या पेटीत तळाला गेली.

तिसऱ्या वर्षी एकदा कॅन्टीनमध्ये चहावाल्यानं कप समोर ठेवला, तर ऋजुतानं तो बोटाच्या पेरानं वाजवून बघितला.

"काय गं हे?" शाहीन म्हणाली.

"कुठं काय?"

"कप वाजवलास."

"पातळ आहे," ऋजुता म्हणाली. शाहीन हसली नाही.

त्याच वर्षी हुपरीकर सरांनी तिला बोलावलं. मेघालयातल्या गुहांमध्ये वटवाघळांचं नवं संशोधन केंद्र निघालं होतं. देशभरातून मोजकी मुलं घेणार होते. दोन वर्षं तिथंच राहायचं, गुहेत उतरायचं, त्यांचे आवाज टिपायचे. अर्ज एका पानाचा. 'तुम्हाला वटवाघळंच का?' एवढंच लिहायचं. अर्थात स्वतःच्या अंकुरवर, हिरव्या दिव्यासकट.

"मी शिफारस केलीय," सर म्हणाले. "पण पान तुझं पाहिजे. तुझं, कळलं का? ते तिथली माणसं वाचतात. दिवा हिरवा असला आणि आत तुझे काका असले, तर ते घेणार नाहीत. आणि दिवा तांबडा असला तर उघडणारच नाहीत."

"मग कसं करू सर?"

"ते मला विचारू नकोस," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत ती कराडला आली. अर्जाची मुदत धनत्रयोदशीपर्यंत, आणि धनत्रयोदशीला भांड्यांच्या दुकानात श्वास घ्यायला जागा नसते. खाली टर्रर्र चाललेलं, गिऱ्हाइकांचा कलकलाट. वर स्वयंपाकघरात ऋजुता लॅपटॉप घेऊन बसली. आई चकलीच्या भाजणीचं पीठ मळत होती.

घरात मेघालयाची चर्चा होऊन गेली होती. काका म्हणाले होते, "मेघालय? तिथं आपलं कोण आहे?" काकू म्हणाल्या होत्या, "स्थळं बघायच्या वेळेला मुलगी गुहेत आहे म्हणून सांगायचं का?" बाबा म्हणाले होते, "बघा काय ते." आणि आई कोणी विचारलं नसताना ताटं उचलता उचलता म्हणाली होती, "जाऊ दे तिला." ते नळाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ऋजुताला गेलं.

तिनं पहिलं वाक्य लिहिलं. वटवाघळाला आपण उलटे दिसतो. जुळणी नऊ.

"पहिल्या वर्षी बारा होती," ती म्हणाली.

"मला लिहू देतेस?" आई म्हणाली. "ते वाक्य माझंच आहे ना. मी लिहिलं तर मानेल कदाचित."

आईनं या वेळी साबण लावून हात धुतले, कोरडे केले, आणि खुर्चीच्या कडेला टेकून बसली. एक अक्षर दाबलं असेल नसेल, पडदा काळा झाला. 'अनोळखी व्यक्ती. मालकाच्या घरच्यांशी संपर्क साधा.'

दोघी त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग आईला हसू आलं. हसता हसता तिनं डोळे पुसले, भाजणीत तिखट होतं म्हणाली.

"पंचवीस वर्षं या घरात पीठ मळतेय, ऋजू."

"आई..."

"राहू दे. हे बघ. तू कोणाचा विचार करू नकोस. ना काकांचा, ना दिव्याचा. डोळे मीट आणि मनात जे आहे ते लिही. लागला तर लागला. नाही लागला तर तसंच पाठव, तांबडं. कोणीतरी उघडेल. मी चकल्या तळून येते तोवर."

ऋजुतानं डोळे मिटले. खरंच मिटले. तिनं काका आठवले नाहीत, काकू आठवल्या नाहीत, कोणाचंही बोट उसनं घेतलं नाही. हात आपोआप चालायला लागले. आधी जरा अडखळले, मग सुटले. तीन वर्षांत इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. पान भरलं. तिनं घाबरत डोळे उघडले.

कोपऱ्यात हिरवा दिवा होता. जुळणी अठ्ठ्याण्णव.

"आई!" ती किंचाळली. "आई, लागला! मनातलं लिहिलं आणि लागला!"

आई झारा हातात घेऊनच धावत आली. "खरं?"

"अगं, मी कोणाचं काही घेतलं नाही. शप्पथ! जे आलं ते लिहिलं. बदलला बघ तो. ओळखलं त्यानं मला शेवटी!"

"तो बदलत नाही म्हणाले होते ना गं ते?"

"ते काय, कंपनीवाले काहीही म्हणतात. पाठवलंसुद्धा मी. वाच ना."

आईनं झारा ताटलीत ठेवला. चष्मा नव्हता म्हणून पडद्याजवळ वाकली आणि ओठ हलवत वाचायला लागली.

वटवाघूळ हा उपयोगी प्राणी आहे. त्याचा अभ्यास कोणीतरी केला पाहिजे. संधी चांगली आहे, पण ठिकाण लांब आहे आणि तिथं आपलं कोणी नाही. मुलीच्या बाबतीत सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो. हेच काम घराजवळ, थोड्या कमी दिवसांत होण्यासारखं असेल तर कळवावे. नाहीतर आपण म्हणाल तसं.

मधे एक मोठी जागा रिकामी होती. तिथं काहीतरी लिहून पुसलेलं असावं.

आईनं पुन्हा वाचलं. मग ऋजुताकडे बघितलं. ऋजुताचा चेहरा लखलखत होता.

"हे तू लिहिलंस?"

"हो!"

"मनापासून?"

"अगदी मनापासून. कसं झालंय?"

आईनं ऋजुताच्या गालाला हात लावला. पिठाचा होता तो हात, पण या वेळी कोणी काही म्हणालं नाही. खालून काका ओरडले, "झालं का गं तुझं? खाली ये, पराती काढायच्यात!" ऋजुता लॅपटॉप मिटून उठली. झाकणावरच्या कोरलेल्या अक्षरांत कधीचं कुंकू बसलेलं होतं.

आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. संध्याकाळ झाली होती. नदीकाठच्या झाडांवरून वटवाघळं निघाली होती, एकामागून एक, आवाज न करता, दुकानाच्या आकाशकंदिलावरून. त्यातलं एक गिरकी घेत अगदी गजापर्यंत आलं. आईनं हात पुढं केला.

"आई," जिन्यातून ऋजुता म्हणाली, "खिडकी लावून घे. घरात येतील."